मॉन भाषेच्या शाळा कशा चालतात, कशामुळे टिकल्या, आणि कुठे अडतात

प्रश्न असा आहे: म्यानमारमधल्या मॉन लोकांनी सरकारच्या मदतीशिवाय मातृभाषेच्या शाळा उभ्या केल्या. त्या प्रत्यक्षात चालतात कशा? स्वयंनिर्णयाच्या लढ्याशी त्यांचे नाते काय? आणि मेळघाटात कोरकू मुलांबरोबर काम करणाऱ्यांना त्यातून काय घेता येईल?

मॉन भाषा आजही लिहिली-वाचली जाते, याचे श्रेय एखाद्या संघटनेला किंवा कायद्याला देता येत नाही. ती मुलांपर्यंत तीन वाटांनी पोहोचते: बौद्ध विहारांतले उन्हाळी वर्ग, न्यू मॉन स्टेट पार्टी या मॉन पक्षाच्या शिक्षण समितीने चालवलेल्या राष्ट्रीय शाळा, आणि सरकारी शाळांतले मॉनचे तास. तिन्हींचा पैसा वेगळा, शिक्षक वेगळे, परवानगी देणारे हातही वेगळे. एक वाट बंद पडली तेव्हा उरलेल्या दोन चालू राहिल्या. बाहेरून पाहणाऱ्यांना यात विस्कळीतपणा दिसतो आणि सगळे एका छत्राखाली आणावे असे वाटते. माझे मत उलट आहे. या भाषेचे संरक्षण त्या वेगळेपणातच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मॉन भाषा ऑस्ट्रोआशियाई कुळातली आहे. ख्मेर, खासी, संथाली आणि आपल्या मेळघाटातली कोरकू याच कुळातल्या. मॉन लिपी दक्षिण भारतातल्या ब्राह्मी परंपरेतून आली, आणि बर्मी लिपी मॉनवरून बेतली गेली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बागानजवळच्या म्याझेदी शिलालेखात, म्हणजे सुमारे १११३ साली, पाली, प्यू, मॉन आणि बर्मी या चार भाषांत एकच मजकूर कोरलेला आहे. पुढे बागो, म्हणजे मॉन लोकांची हंसावती, हे त्यांच्या राज्याचे केंद्र होते. १७५७ मध्ये बर्मी राजा अलौंगपाया याने बागो जिंकले आणि मॉन राज्य संपले. त्यानंतर अनेक मॉन कुटुंबे सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये गेली.

हा इतिहास सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. स्वातंत्र्याच्या काळात बर्मी नेत्यांचा एक युक्तिवाद असा होता की मॉन आणि बर्मी यांचा धर्म एक, पोशाख जवळपास एक, लिपीही एक, मग वेगळे हक्क कशाला? इतर समाजांनी स्वतंत्र बर्मात एकत्र यावे यासाठी झालेल्या १२ फेब्रुवारी १९४७ च्या पांगलाँग करारावर शान, काचिन आणि चिन प्रतिनिधींच्या सह्या आहेत. मॉन त्या करारात पक्षकार नव्हते. ज्या समाजाचा धर्म आणि रूप सत्ताधारी समाजासारखेच आहे, त्याच्याकडे वेगळेपणाचा पुरावा म्हणून उरते ती भाषा. म्हणून मॉन राजकारणात शाळेचा प्रश्न इतका मध्यवर्ती झाला. काचिन किंवा चिन समाजात ख्रिस्ती चर्चने जे काम केले, ते इथे भाषेला आणि मॉन विहारांना करावे लागले.

राजकीय टप्पे थोडक्यात. १९३९ साली रंगूनमध्ये अखिल रामण्ण मॉन संघटना स्थापन झाली. तिचा भर भाषा, साहित्य आणि धर्म यांवर होता. स्वातंत्र्यानंतर सशस्त्र लढा सुरू झाला. १९५८ मध्ये मॉन पीपल्स फ्रंटने शस्त्रे खाली ठेवली आणि त्याच जुलै महिन्यात नाई श्वे चिन यांनी न्यू मॉन स्टेट पार्टी स्थापन करून लढा चालू ठेवला. १९६२ च्या लष्करी उठावानंतर सरकारी शाळांतून अल्पसंख्य भाषा जवळपास हद्दपार झाल्या. १९७४ च्या राज्यघटनेने मॉन राज्य नकाशावर आणले, पण नावापुरतेच. राज्याला स्वतःचा अभ्यासक्रम किंवा शिक्षक ठरवण्याचा अधिकार मिळाला नाही. २००८ च्या घटनेतही मुख्यमंत्री राष्ट्राध्यक्षच नेमतो. भाषेचे धोरण ठरवणाऱ्यांनी ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी: राज्याला नाव मिळाले म्हणून वर्गात पुस्तक पोहोचत नाही. शिक्षकाची नेमणूक, बदली आणि परीक्षा ज्याच्या हातात, त्याची भाषा वर्गात चालते.

आता शाळांकडे येऊ.

पक्षाच्या ताब्यातल्या भागात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून शाळा सुरू झाल्या. १९९२ मध्ये मॉन राष्ट्रीय शिक्षण समिती स्थापन झाली आणि अभ्यासक्रम, शिक्षक, पर्यवेक्षण हे सगळे एका व्यवस्थेत आले. २९ जून १९९५ रोजी लष्करी सरकारशी युद्धबंदी झाली. त्या युद्धबंदीचे आर्थिक आणि राजकीय फायदे फार टिकले नाहीत, पण शाळांना मोठी संधी मिळाली. पक्षाच्या भागाबाहेरच्या, सरकारी नियंत्रणातल्या मॉन गावांतही शाळा काढता आल्या. शाळांची संख्या शंभरावर गेली, आणि त्याशिवाय ‘मिश्र शाळा’ निर्माण झाल्या: इमारत आणि मुख्याध्यापक सरकारचे, काही शिक्षक मॉन समितीचे.

राष्ट्रीय शाळेचा आराखडा असा आहे. प्राथमिक वर्गांत माध्यम मॉन. बर्मी आणि इंग्रजी हे विषय म्हणून शिकवले जातात. माध्यमिकपासून सरकारी अभ्यासक्रम बर्मी भाषेत, पण मॉन भाषा आणि मॉन इतिहास हे वेगळे विषय चालू राहतात. वरच्या वर्गांत पुस्तके बर्मी, शिक्षकाचे समजावणे बरेचदा मॉनमध्ये. शेवटी मुले सरकारची मॅट्रिक परीक्षा देतात.

याची तुलना शेजारच्या करेन शाळांशी केली की फरक लक्षात येतो. थायलंडच्या सीमेवरच्या करेन व्यवस्थेने दीर्घकाळ स्वतःचा स्वतंत्र अभ्यासक्रम चालवला. तो भाषेच्या दृष्टीने अधिक ‘शुद्ध’ होता, पण त्यातून बाहेर पडलेल्या मुलाला म्यानमारच्या विद्यापीठाचे दार बंद असे. मॉन समितीने सुरुवातीपासून मुलाला दोन्ही बाजूंना जाता येईल अशी रचना केली. पालक मूल पाठवतात ते पुढची वाट दिसते म्हणून. ‘आपली भाषा’ हे कारण पहिली-दुसरीपर्यंत पुरते. पाचवीनंतर पालक विचारतात, पुढे काय? ज्या मातृभाषा शाळांकडे याचे उत्तर नसते त्या तिथेच रिकाम्या होतात.

पण हीच रचना सर्वांत जास्त अडते तीही इथेच, भाषा बदलण्याच्या जोडावर. याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण कोरकूसाठी काम करणाऱ्यांना हेच उपयोगी आहे.

मॉन लिपीत ३५ व्यंजने आहेत. क्रम आपलाच: क, ख, ग, घ. पण उच्चार आपल्यासारखे नाहीत. मॉनमध्ये ‘क’च्या जागचे अक्षर आणि ‘ग’च्या जागचे अक्षर, दोन्हींचे व्यंजन आज ‘क’सारखेच ऐकू येते; फरक पडतो तो पुढच्या स्वरात. पहिल्या अक्षरानंतर स्वर स्वच्छ आणि मोकळा, दुसऱ्यानंतर श्वासमिश्रित आणि थोडा बदललेला. म्हणजे जुने घोषत्व (‘ग’ला ‘क’पासून वेगळा करणारा कंठाचा नाद) व्यंजनातून निघून स्वरात जाऊन बसले. (ख्मेरमध्येही असेच दोन गट आहेत.) म्हणून मॉन मुलाला अक्षरे एकेक करून शिकवली तर ते गोंधळते. तीच अक्षरे दोन गटांत, जोडीजोडीने शिकवली तर मूल एका आठवड्यात तीन-चार अक्षरे पचवते. अनुभवी मॉन शिक्षक ‘क’ आणि ‘ग’ एकाच तासाला, त्याच स्वरचिन्हासह, म्हणायला लावतात. नवखा शिक्षक बर्मी बाराखडीच्या पद्धतीने चालतो आणि तिथे चुकतो.

मग मूल बर्मीकडे वळते तेव्हा लिपी जवळपास तीच असल्याने सोपे जाईल असे वाटते. अर्धे खरे आहे. अक्षर ओळखायला वेळ लागत नाही, पण उच्चार पाय अडकवतात. ‘च’च्या जागचे अक्षर मॉनमध्ये ‘च’ असे, बर्मीमध्ये ‘स’ असे वाचले जाते. ‘स’च्या जागचे अक्षर मॉनमध्ये ‘स’ आहे, बर्मीमध्ये दातांमध्ये जीभ ठेवून काढलेला वेगळाच ध्वनी. ‘र’ मॉनमध्ये ‘र’च राहिला, बर्मीमध्ये बहुतेक ठिकाणी तो ‘य’ झाला. शिवाय बर्मीत शब्दाचा अर्थ बदलणारे सूर आहेत, मॉनमध्ये नाहीत. या चार-पाच फरकांचा एक वेगळा धडा बर्मीच्या पहिल्या पुस्तकाआधीच द्यावा लागतो. तो न दिल्यास मूल सहावीत बर्मी इतिहास वाचते, पण मॉन उच्चारात वाचते. सरकारी शाळेतून आलेला शिक्षक त्याला ‘मंद’ ठरवतो. प्रत्यक्षात त्या मुलाला वाचता येत असते.

दुसरी चूक वेळेची. बर्मी भाषा ऐकून-बोलून पुरेशी झाल्याशिवाय तिचे वाचन सुरू केले तर मूल अक्षरे उच्चारते, अर्थ लागत नाही. बहुभाषिक शिक्षणात सामान्य शिरस्ता असा: पहिली दोन वर्षे दुसरी भाषा फक्त तोंडी, रोज निदान अर्धा तास, तिसऱ्या वर्षी वाचन, आणि माध्यम बदलताना एकदम सगळे विषय न बदलता आधी गणित, मग विज्ञान, शेवटी इतिहास-भूगोल. गणिताची भाषा मर्यादित असते, चिन्हे समान असतात. इतिहासात वाक्येच वाक्ये असतात. मॉन शाळांत हा बदल बरेचदा प्राथमिक संपताच, एका उन्हाळ्यात होतो, कारण माध्यमिकची पाठ्यपुस्तके सरकारची असतात. चांगल्या शाळा चौथी-पाचवीत गणिताच्या संज्ञा दोन्ही भाषांत शिकवायला लागतात. ज्या शाळांत हे होत नाही, तिथे सहावी-सातवीत गळती दिसते.

शिक्षक हा सर्वांत नाजूक भाग आहे. समितीच्या शिक्षकांना मिळणारे मानधन सरकारी पगाराहून खूप कमी असते. उरलेला भार गाव उचलते, तांदूळ, राहण्याची जागा, कधी वर्गणी. एखादा तरुण दोन-तीन वर्षे शिकवतो आणि थायलंडला कामाला जातो. बँकॉकजवळच्या समुत साखोनच्या मासळी-उद्योगात मॉन कामगारांची मोठी वस्ती आहे. म्हणून प्रशिक्षणाची रचना वार्षिक हवी: दर उन्हाळ्यात नवे शिक्षक येणारच असे गृहीत धरून काही आठवड्यांचा वर्ग, आणि पर्यवेक्षकांचा लहान पण टिकणारा गट. सगळे ज्ञान शिक्षकांच्या डोक्यात ठेवले तर दर तीन वर्षांनी शून्यापासून सुरुवात करावी लागते. शिक्षक-पुस्तिका इतकी तपशीलवार लिहावी लागते की नवखाही तिच्या आधारे पहिला महिना काढू शकेल.

पैशाबद्दल एक धडा विशेष महत्त्वाचा. २०१२ नंतर म्यानमारमध्ये सुधारणांचे वारे वाहू लागले आणि अनेक परदेशी देणगीदारांनी सीमेवरून येणारी मदत कमी करून ती सरकारमार्फत वळवली. जे पैसे थेट मॉन शाळांच्या मानधनाला जात होते, ते आटले. शाळा बंद पडल्या नाहीत, कारण गावांची वर्गणी आधीपासून होती. पण शिक्षक गेले. शाळेच्या खर्चात बाहेरच्या पैशाचा वाटा मोठा असेल तर त्याने पुस्तके, छपाई, प्रशिक्षण करावे. रोजचे मानधन बाहेरच्या पैशावर ठेवू नये. पुस्तके एक वर्ष छापली नाहीत तरी जुनी चालतात. मानधन तीन महिने थांबले तर वर्ग उघडत नाही.

दुसरी वाट विहारांची. एप्रिल-मे या सुट्टीच्या महिन्यांत मॉन साहित्य आणि संस्कृती समिती गावोगावी भिक्षूंच्या मदतीने उन्हाळी वर्ग घेते. हजारो मुले त्यात येतात, त्यांत सरकारी शाळेत जाणारी मुले बहुसंख्य. लष्करी राजवटीच्या कडक वर्षांतही हे वर्ग चालले, कारण विहारात धर्मशिक्षण चालते त्याला हात लावणे राजवटीलाही जड जात असे. विहार हे मॉन साक्षरतेचे सर्वांत जुने घर आहे. सयाममध्ये धम्मयुत्तिक निकाय हा भिक्षूपंथ स्थापन करणाऱ्या आणि पुढे राजा झालेल्या मोंगकुटला मॉन भिक्षूंच्याच विनयशिस्तीतून प्रेरणा मिळाली होती, इतकी ती परंपरा भक्कम.

पण उन्हाळी वर्गांची मर्यादा हिशेबाने पाहावी. सहा आठवडे, आठवड्याला पाच दिवस, रोज दोन तास म्हणजे ६० तास. इतक्या वेळात ३५ व्यंजने, स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे होतात. ओघवते वाचन होत नाही. म्हणून तीन उन्हाळ्यांची तीन पुस्तके असलेला क्रम लागतो, आणि मधल्या दहा महिन्यांत वाचायला काहीतरी हवे. बहुतेक ठिकाणी नेमके हेच नसते. मुले दर उन्हाळ्यात पहिलेच पुस्तक पुन्हा शिकतात. यावर स्वस्त उपाय असा: वर्ग संपताना प्रत्येक मुलाला १६ पानी गोष्टींची दोन-तीन पुस्तके घरी द्यावीत, आणि विहाराच्या फळ्यावर दर पंधरवड्याला मॉनमधला नवा मजकूर लावावा. भिक्षूंच्या वाचनग्रंथांतली पाली शब्दांनी भरलेली भाषा लहान मुलांना जड जाते, हेही लक्षात ठेवायला हवे. घरात बोलली जाणारी मॉन आणि पुस्तकी मॉन यांत अंतर बरेच आहे.

तिसरी वाट सरकारी शाळा. २०१४ मध्ये मॉन राज्याच्या विधिमंडळाने सरकारी शाळांत शालेय वेळेत राज्यातल्या भाषा शिकवण्यासाठी कायदा केला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण कायद्याने प्राथमिकपासून स्थानिक भाषा शिकवण्याला आणि गरज पडल्यास वर्गात ती बर्मीबरोबर वापरण्याला परवानगी दिली. भाषा-शिक्षकांची पदे निघाली. सुरुवातीला मानधन महिना ३०,००० क्यात (म्यानमारचे चलन). ‘शालेय वेळेत’ हे दोन शब्द कायद्यातले सर्वांत मोलाचे. त्याआधी मॉनचा तास शाळा सुटल्यावर असे. त्या वेळी मुले दमलेली, घरची कामे वाट पाहणारी, म्हणून वर्ग ओस पडत. पुढे स्थानिक अभ्यासक्रमासाठी प्राथमिकला आठवड्याला पाच तासिका ठेवल्या गेल्या. ४० मिनिटांच्या पाच तासिका म्हणजे आठवड्याला तीन तास वीस मिनिटे. ३६ आठवडे धरले तर वर्षाला १२० तास, उन्हाळी वर्गाच्या दुप्पट. पण हे भाषा विषय म्हणून शिकवणे आहे, माध्यम म्हणून नव्हे. आणि शिक्षकांची बदली वरून होत असल्याने मॉन गावात मध्य म्यानमारहून आलेला, मॉनचा एक शब्द न येणारा शिक्षक बसलेला असतो.

मिश्र शाळांचा अनुभवही इथेच सांगायला हवा. कागदावर ही व्यवस्था आदर्श वाटते. प्रत्यक्षात गावाची मॉन शाळा सरकारी नोंदणीत गेली की सरकारी शिक्षक येतात, आणि दोन-तीन वर्षांत मॉन माध्यम आक्रसत एका विषयाच्या तासापुरते उरते. कोणी मुद्दाम मारत नाही. मुख्याध्यापक बदलतो, वेळापत्रक त्याच्या हातात असते, आणि परीक्षेत नसलेला विषय पहिला कापला जातो. म्हणून करार करताना इमारत कोणाची यापेक्षा तीन गोष्टी लिहून घ्याव्या लागतात: वेळापत्रक कोण ठरवणार, मॉन शिक्षकाला वर्गशिक्षकाचा दर्जा असेल का, आणि प्रगतिपुस्तकावर मॉनचे गुण येतील का.

आणखी एक गुंता. मॉन राज्यात करेन, पा-ओ आणि बर्मीही मोठ्या संख्येने राहतात. २०१४ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या २०,५४,३९३ होती आणि तिच्यातले सगळे मॉन नव्हेत. स्वतःची भाषा मागणाऱ्या समाजाला स्वतःच्या राज्यातल्या लहान भाषांनाही तीच जागा द्यावी लागते. २०१४ च्या व्यवस्थेत मॉनबरोबर करेन आणि पा-ओ आल्या, हे योग्य झाले. मॉनमध्येही बागोकडची, मॉलम्याइन-मौत्तमा परिसरातली आणि दक्षिणेतल्या ये भागातली बोली वेगळी आहे. सुदैवाने लेखन जुन्या वळणाचे आहे. उच्चार बदलले तरी शब्द एकाच पद्धतीने लिहिला जातो, त्यामुळे तिन्ही भागांत एकच पुस्तक चालते. मुलांना त्याची किंमत पाठांतरात मोजावी लागते, पण बोलीभेदावरून लेखनाची भांडणे होत नाहीत.

संस्कृती जपण्याच्या कामांबद्दल मी थोडक्यातच लिहितो. मॉन राष्ट्रीय दिन बर्मी पंचांगातल्या तबोद्वे महिन्याच्या (जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास) कृष्ण प्रतिपदेला साजरा होतो. लाल-पांढऱ्या चौकटींच्या वस्त्रांत गावे जमतात, सुवर्णहंसाचे ध्वज लागतात. हे मनापासून चालते आणि त्याने लोक एकत्र येतात. पण फक्त सणांवर भाषा टिकत नाही, याचा पुरावा थायलंडमध्ये आहे. फ्रा प्रदेंग आणि को क्रेत इथल्या जुन्या मॉन वस्त्यांनी सोंगक्रान हा नववर्षाचा सण, खाद्यपदार्थ, मातीची भांडी, विहार सगळे सांभाळले. भाषा मात्र म्हाताऱ्यांपुरती उरली, कारण शाळा थाईत झाली. जिवंत मॉन तिकडे ऐकू येते ती मुख्यतः म्यानमारहून नंतर आलेल्या लोकांत, सांगखलाबुरीसारख्या सीमेवरच्या गावांत.

ताडपत्री ग्रंथांचे काम मात्र वेळेत व्हायला हवे. दमट हवेत पाने चिकटतात, कीड लागते. साधा क्रम असा: विहाराच्या प्रमुख भिक्षूची परवानगी आणि प्रत विहारातच राहील हे आश्वासन, मऊ ब्रशने कोरडी सफाई, शाई पुसट असेल तर काजळीचे मिश्रण, गवती चहाच्या तेलाचा हलका हात, मग दोन्ही बाजूंची छायाचित्रे, मोजपट्टीसह, पानक्रम लिहून. सर्वांत जास्त चूक पानक्रमात होते. दोरा काढण्याआधी क्रम नोंदवला नाही तर छायाचित्रे हजारोंनी होतात आणि ग्रंथ हरवतो.

मोबाइलवर मॉन लिहिण्याचाही प्रश्न आहे, आणि तरुणांसाठी तो मोठा आहे. २००८ मध्ये युनिकोडच्या, म्हणजे संगणकावर सगळ्या लिप्यांसाठी ठरलेल्या समान संकेतप्रणालीच्या, ५.१ आवृत्तीत मॉनची खास अक्षरे आणि न, म, ल यांची जोडचिन्हे आली. पण म्यानमारमध्ये त्या वेळी झॉजी हा फॉन्ट सर्वत्र होता. त्याने मॉन, शान, करेन यांच्यासाठी राखलेल्या जागा बर्मीच्या अक्षररूपांसाठी वापरल्या होत्या. परिणाम: फोनवर मॉन मजकूर बर्मी कचऱ्यासारखा दिसायचा, आणि तरुण बर्मीतच लिहू लागले. १ ऑक्टोबर २०१९ ला देशाने अधिकृतपणे युनिकोडकडे वळण घेतले, तेव्हा कुठे मॉन लिहिलेले दुसऱ्याला वाचता येऊ लागले. जुना साठा असेल तर बर्मीसाठीचे साधे परिवर्तक मॉनवर चालवू नयेत; ते खास अक्षरे मोडतात आणि मूळ परत मिळत नाही. आधी मूळ फाइल जपून ठेवावी.

स्वयंनिर्णयाशी या सगळ्याचे नाते कसे, याचे एक ठळक उदाहरण २०१७ चे आहे. मॉलम्याइनला चाउंगझोन बेटाशी जोडणाऱ्या पुलाला केंद्र सरकारने बर्मी स्वातंत्र्यनेते आँग सान यांचे नाव दिले. मार्चमध्ये हजारो मॉन रस्त्यावर आले. १ एप्रिलच्या पोटनिवडणुकीत सत्ताधारी नॅशनल लीग फॉर डेमोक्रसीने चाउंगझोनची जागा गमावली. मॉन मतदाराला पूल हवाच होता. त्याच्या गावातल्या गोष्टीचे नाव राजधानीत ठरते, हे त्याला खुपले. शाळेतही तेच घडते.

१३ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यू मॉन स्टेट पार्टीने राष्ट्रव्यापी युद्धबंदी करारावर सही केली. त्या करारात सशस्त्र संघटनांची त्यांच्या भागातली शिक्षण आणि आरोग्याची जबाबदारी मान्य केलेली आहे. मॉन शाळांना कागदावर मिळालेली ही सर्वांत मोठी मान्यता. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर तीही अधांतरी झाली. अनेक सरकारी शिक्षक असहकार आंदोलनात गेले, पालकांनी मुले मॉन राष्ट्रीय शाळांत वळवली, आणि कमी साधनांत वर्ग फुगले. राजकारणात मात्र फूट पडली: मॉन युनिटी पार्टीचा प्रतिनिधी लष्करी परिषदेत बसला, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यू मॉन स्टेट पार्टीतून लष्करी राजवटीविरुद्ध लढणारा गट वेगळा झाला. १० फेब्रुवारी २०२४ ला सक्तीची लष्करभरती लागू झाली आणि तरुण देश सोडू लागले. शिक्षक व्हायचे ते याच वयाचे. अशा काळात तीन वाटा वेगळ्या ठेवण्याचा अर्थ कळतो. पक्षात फूट पडली तरी विहारातले वर्ग फुटत नाहीत.

आता मेळघाट. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतली परिस्थिती मॉन राज्यासारखी नाही, आणि ती तशी मानूही नये. इथे संविधानाचा ३५० क हा अनुच्छेद आहे, शिक्षण हक्क कायद्यात शक्य तिथवर मातृभाषेचे माध्यम सांगितले आहे. मॉन शाळांना जो कायदेशीर आधार मिळाला नाही, तो इथे आहे. जे इथे नाही ते म्हणजे मॉन विहार: शतकानुशतके लेखन सांभाळणारी, सरकारपासून स्वतंत्र संस्था. कोरकू सात लाखांहून अधिक लोकांची भाषा आहे, पण तिची लेखनपरंपरा अलीकडची.

म्हणून मॉन शाळांतून सरळ उचलण्यासारख्या गोष्टी मोजक्या आहेत. कोरकू देवनागरीत लिहिली जाते, त्यामुळे मराठीकडे जाताना लिपीचा अडथळा नाही. पण बर्मी-मॉनसारखाच उच्चारांच्या आणि व्याकरणाच्या फरकांचा धडा आधी करायला हवा. कोरकूत द्विवचन आहे, मराठीत नाही; नामांची विभागणी सजीव-निर्जीव अशी आहे, मराठीत तीन लिंगे आहेत. मुलाला ‘तो झाड’ म्हणताना पाहून चूक ठरवण्याआधी शिक्षकाला हे ठाऊक असावे. मराठी तोंडी आधी, वाचन नंतर, माध्यमाचा बदल विषयवार, हा क्रम तसाच लागू आहे.

वेळापत्रक मात्र स्वतःचे करावे. मॉन वर्ग एप्रिल-मेमध्ये चालतात कारण तेव्हा मुले गावात असतात. मेळघाटातली कुटुंबे दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. तेव्हा होळीनंतरचा काळ आणि पावसाळा हे वर्गांचे महिने धरावेत. गावातल्या दोन तरुण-तरुणींना, शक्यतो एकाच घरातले नसलेले, दरवर्षी होळीनंतर दहा दिवसांचे प्रशिक्षण द्यावे. एक गेला तरी दुसरा राहतो. पहिल्या वर्षी पुस्तक छापण्याची घाई नको. आधी गावातल्या म्हाताऱ्यांकडून ३०० ते ४०० रोजचे शब्द आणि वीस-पंचवीस गोष्टी ध्वनिमुद्रित कराव्यात, त्यांचे लेखन दोन-तीन गावांत वाचून दाखवून ठरवावे, आणि मगच १६ पानी पुस्तिका छापाव्यात, प्रत्येक मुलाला घरी नेता येतील इतक्या. आणि शाळेशी बोलताना सुरुवातीलाच ठरवून घ्यावे की कोरकूची तासिका दुपारच्या जेवणाआधीची असेल. शेवटची तासिका मिळाली तर दिवाळीपर्यंत ती दुसऱ्याच विषयाकडे गेलेली असते.